शहाऐंशी मीटर

लुमाण्णाचं नाव पहाणीवर कानडीत लुमण्णा,
आधारवर लक्ष्मण,
बँकेत नुसतं एल. एस. होनगेकर.
तिघंही एकच इसम, असं मी लिहिलं
आणि वीस रुपयांच्या कागदावर त्याची सही घेतली.
तो म्हणाला, चौथा एक हाय, रानात जातोय तो.
त्याची नको की?

बांधाचं अनुदान. माती राखल्याबद्दल.
कानडीत मण्णु, आमच्यात माती,
अर्जात दोन्ही नाही.
अर्जात एक रकाना: लांबी, मीटरमध्ये.

हिरेगौडर मॅडम गदगकडच्या, काळ्या रानातल्या.
आमची तांबडी माती त्यांच्या चपलेला चिकटली
तेव्हा पुसण्याआधी त्यांनी ती बोटांत चुरून बघितली,
म्हणून मला त्या आवडल्या.
टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं लुमाण्णाकडं,
मोबाईल धरून त्या मागोमाग.
रताळीच्या वेलांवरून,
नाचण्याच्या तरव्याच्या कडेनं,
त्याच्या आईनं राखलेल्या करवंदीला वळसा घालून
शहाऐंशीवर टेप थांबली.
तिथं दगड आहे.

दगडाच्या एका अंगाला कानडी आकडे,
दुसऱ्या अंगाची अक्षरं शेवाळानं खाल्लेली.
बांध थांबत नाही. आणखी चौपन्न मीटर जातो,
चंदगड तालुक्यात, वरच्या ओहोळापर्यंत.
तेवढ्यात मॅडमचा मोबाईल वाजला:
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
आम्ही तिघंही हसलो.
मग त्यांनी ८६ लिहिलं आणि म्हणाल्या, सरी.
म्हणजे ठीक.
लुमाण्णानं मात्र वाकून सरीत बघितलं,
वेलाला कीड लागली की काय म्हणून.

त्या चौपन्नासाठी तो चंदगडलाही जाऊन आलेला.
तिथल्या साहेबानं मराठीतच विचारलं,
रेशनकार्ड कुठलं?
लुमाण्णा सांगतो, हापिसात पहिल्यांदाच
मला सगळं समजलं,
आणि कायसुदिक झालं नाही.

पैसे संक्रांतीच्या आत आले. मेसेज कानडी, मी वाचून दाखवला.
फार नव्हते,
खरं दोन ट्रॉली दगड येतील एवढे होते.

पाडव्यानंतर गेलो तर तो आणि वैजंता
दगडाच्या पलीकडं, चौपन्नात,
बुट्टीनं माती ओतत होती.
मी म्हटलं, मामा, पैसे अलीकडचे.
तो म्हणाला, पाणी पलीकडनं येतंय.
ओहोळ फुगला की पहिलं तिथं घुसतंय.
ते फुटलं तर तुझं शहाऐंशी
फोटोतच राहील.

आणि वैशाखात तपासणी.
मॅडमनी अलीकडचा बांध बघितला, मग पलीकडचा,
नवा, दगडांनी दाबलेला, अजून गवत न धरलेला.
मोडक्या मराठीत विचारलं, हे कोण केलं?
आमीच की, वैजंता म्हणाली.
दुड्डु?
म्हणजे पैसे. हा शब्द इथं शेरडाला चारा घालणाऱ्या पोरालाही कळतो.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
मी, गावाचे कानडी कागद वाचणारा,
त्या घटकेला मला दोन्ही भाषा येईनात.

मॅडमनी मोबाईल पर्समध्ये टाकला.
चपला दगडाजवळ काढल्या
आणि ओहोळापर्यंत चालत गेल्या, न मोजता.
मध्ये एकदा टाचेनं बांध दाबून बघितला,
वडिलांच्या रानात बघत असतील तसा.
परत आल्या, पाय तांबडे,
मोबाईल काढला, फोटो घेतला, ८६ लिहिलं.

तो फोटो माझ्याकडंही आहे, अर्जाला जोडलेला.
मधोमध दगड.
उजव्या कडेला बुट्टी धरलेलं वैजंताचं कोपर,
अर्धं कापलेलं.
अक्षांश आहेत, रेखांश आहेत, तारीख, वेळ.
कोपर कुठल्या राज्यातलं
ते काही त्यात आलेलं नाही.